भागीदाराला न दुखवण्याची किंमत

26 ऑगस्ट 2003 रोजी अमेरिकेतल्या ईएसपीएन वाहिनीने ‘प्लेमेकर्स’ या मालिकेचा पहिला भाग दाखवला. चोवीस तास सामने, गुणफलक आणि खेळांच्या बातम्या दाखवणाऱ्या या वाहिनीची ही पहिलीच स्वतःची नाट्यमालिका. जॉन आयझेनड्राथ यांनी ती निर्माण केली आणि चित्रीकरण कॅनडातल्या टोरोंटोत झाले. संघाचे नाव काल्पनिक होते, ‘कूगर्स’. स्पर्धेचा उल्लेख नुसता ‘लीग’ असा व्हायचा. एनएफएल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलची राष्ट्रीय व्यावसायिक लीग, हे नाव कुठेही नव्हते. तरीही पहिल्याच भागात डिमेट्रियस हॅरिस हा गुणी तरुण खेळाडू सामन्याच्या दिवशी क्रॅक कोकेन ओढताना दिसला, आणि ही मालिका कोणाबद्दल आहे हे सगळ्यांना कळून चुकले.

अकरा भाग झाले. प्रेक्षक भरपूर मिळाले, एवढे की आकडे चांगले असल्याचे वाहिनीच्या अधिकाऱ्यांनी शेवटपर्यंत नाकारले नाही. अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटने त्या वर्षातल्या दहा उत्तम दूरचित्रवाणी कार्यक्रमांत तिची निवड केली. त्याच यादीत ‘द वायर’ आणि ‘एंजल्स इन अमेरिका’ होत्या. फेब्रुवारी 2004 च्या पहिल्या आठवड्यात मालिका बंद केल्याचे ईएसपीएनने जाहीर केले. वाहिनीचे वरिष्ठ अधिकारी मार्क शपिरो यांनी कारणही लपवले नाही. आपल्या भागीदाराला डिवचणे हा आपला धंदा नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा सरळ आशय होता.

या घटनेला वीस वर्षांहून जास्त काळ लोटला आहे. दरम्यान पुस्तके, माहितीपट, चित्रपट आणि भारतातल्या वेब मालिकाही येऊन गेल्या. खेळाचे वाईट चित्रण झाले की दर वेळी वाद एकाच प्रश्नापाशी येऊन थांबतो: चित्रण खरे होते की खोटे? माझ्या मते दुसरा प्रश्न आधी विचारला पाहिजे. पडदा कोणाचा आहे, आणि पडद्याच्या मालकाचे पोट कशावर चालते?

आधी ‘प्लेमेकर्स’मध्ये होते काय ते पाहू. लिऑन टेलर हा उतरणीला लागलेला रनिंग बॅक, म्हणजे चेंडू घेऊन धावणारा खेळाडू. आपली जागा हॅरिस घेणार हे त्याला दिसते आहे, दुखापतीतून शरीर सावरत नाही आणि त्या सगळ्याचा राग तो बायकोवर हात उगारून काढतो. एरिक ओल्चिक या बचावपटूच्या एका धडकेने प्रतिस्पर्धी खेळाडू कायमचा लुळा पडला आहे. नियमानुसार त्याचे काही चुकलेले नाही, पण मन ते मानत नाही आणि त्याला मानसोपचारतज्ज्ञाकडे जावे लागते. डेरेक मॅकॉनेल हा क्वार्टरबॅक, म्हणजे संघाचे आक्रमण चालवणारा खेळाडू, वेदनाशामकांच्या आधाराने उभा आहे. थॅड ग्वेरविट्झ समलिंगी आहे, आणि हे ड्रेसिंग रूममध्ये कळले तर करिअर संपेल या धाकात जगतो. प्रशिक्षक माइक जॉर्ज कर्करोग लपवून संघ चालवतो. एका भागात उत्तेजक चाचणी चुकवण्यासाठी दुसऱ्याची स्वच्छ लघवी मिळवण्याचा खटाटोप आहे.

एकाच संघात एवढी पापे, तीही अकरा भागांत! हा आक्षेप खोटा नाही. मालिका ठिकठिकाणी भडक होती. संवाद कधी कधी पत्रकासारखे यायचे, आणि खेळाडूंचे मनातले बोल ऐकवण्याची पद्धत पुढे पुढे कंटाळवाणी झाली. पण दाटीवाटी हा नाटकाचा स्वभावच आहे. पोलिसांवरच्या मालिकेत दर आठवड्याला खून पडतो, रुग्णालयावरच्या मालिकेत दर तासाला कोणीतरी मरणाच्या दारात असते, म्हणून पोलिसांची किंवा डॉक्टरांची संघटना वाहिनीच्या मालकाला फोन करत नाही. रसेल हॉर्न्सबी यांनी साकारलेला लिऑन टेलर मात्र भडकपणाच्या पलीकडे गेला होता. त्याच्यावर संताप येतो, आणि त्याच्या पोटातली भीतीही समजते. तेवढ्या एका पात्रासाठीही ती मालिका पाहण्यासारखी होती.

एनएफएलची प्रतिक्रिया मालिका चालू असतानाच आली. लीगचे कमिशनर पॉल टॅग्लियाबू यांनी डिस्नेचे प्रमुख मायकेल आयझनर यांच्याकडे थेट नाराजी कळवली, कारण ईएसपीएन ही डिस्नेचीच वाहिनी. एनएफएलच्या सामन्यांदरम्यान मालिकेच्या जाहिराती दाखवणे ईएसपीएनने थांबवले. फिलाडेल्फिया ईगल्सचे मालक जेफ्री लुरी तर फारच चिडले होते. डिस्नेच्या मिनी माऊसला कोणी अमली पदार्थांच्या टोळीची म्होरकी म्हणून दाखवले तर डिस्नेला कसे वाटेल, असा त्यांचा सवाल होता. मिनी माऊस ही कंपनीची मालमत्ता आहे. माणसांबद्दलच्या गोष्टीचे उत्तर लुरींना मालमत्तेच्या भाषेत सुचले, हे मला महत्त्वाचे वाटते.

खेळाडूंच्या संघटनेचे प्रमुख जीन अपशॉ यांचा आक्षेप वेगळा होता आणि तो गंभीरपणे घ्यायला हवा. अपशॉ स्वतः ओकलंड रेडर्सचे थोर खेळाडू आणि कृष्णवर्णीय. लीगमधले बहुसंख्य खेळाडू कृष्णवर्णीय आहेत. मालिकेत व्यसनी कोण, तर कृष्णवर्णीय. बायकोला मारणारा कोण, तर तोही कृष्णवर्णीय. अपराधीपणाने झुरणारा आणि समजूतदार वागणूक मिळणारा खेळाडू मात्र गोरा. अमेरिकेच्या पडद्यावर काळ्या पुरुषाला गुन्हेगार म्हणून दाखवण्याची परंपरा किती जुनी आहे हे माहीत असलेल्याला ही वाटणी टोचणारच. टॅग्लियाबूंनीही जाहीरपणे हाच मुद्दा पुढे केला. अपशॉंच्या तोंडी तो मला पटतो. कमिशनरांच्या तोंडी मात्र तो पटत नाही, कारण त्याच काळात त्याच खेळाडूंच्या मेंदूचे काय होत होते याबद्दल लीग काय सांगत होती, ते आता कागदोपत्री उपलब्ध आहे.

1994 मध्ये टॅग्लियाबूंच्या काळातच लीगने मेंदूच्या सौम्य इजांचा अभ्यास करायला समिती नेमली. तिचे प्रमुख डॉ. इलियट पेलमन मेंदूतज्ज्ञ नव्हते, संधिवाताचे डॉक्टर होते. या समितीने ‘न्यूरोसर्जरी’ या नियतकालिकात 2003 पासून निबंधमाला छापायला सुरुवात केली. डोक्याला बसणाऱ्या वारंवार धक्क्यांनी खेळाडूंचे दीर्घकालीन नुकसान होत नाही, असा त्या निबंधांचा सूर होता. म्हणजे पडद्यावर एरिक ओल्चिक एका धडकेच्या आठवणीने झोपेतून दचकून उठत असताना लीगचे डॉक्टर धडका निरुपद्रवी असल्याचे लिहीत होते. त्याच्या एक वर्ष आधी, 2002 मध्ये, पिट्सबर्गमध्ये डॉ. बेनेट ओमालू यांनी स्टीलर्सचे माजी खेळाडू माइक वेबस्टर यांच्या मेंदूची तपासणी केली होती. वेबस्टर पन्नाशीत गेले. शेवटची वर्षे त्यांनी विस्मरणात, कधी कधी गाडीत झोपून काढली. ओमालूंना त्यांच्या मेंदूत सीटीई हा ऱ्हासाचा विकार आढळला. 2005 मध्ये त्यांचा निबंध छापून आला, तेव्हा समितीच्या डॉक्टरांनी तो मागे घ्यावा अशी मागणी केली. 2017 मध्ये बोस्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी एनएफएलच्या 111 दिवंगत खेळाडूंचे मेंदू तपासले, तर 110 मध्ये सीटीई सापडला. शंका असलेल्या कुटुंबांनीच प्रामुख्याने मेंदू दान केले होते, त्यामुळे हे प्रमाण सगळ्या खेळाडूंना लागू होत नाही. तरीही ‘काही होत नाही’ या दाव्याचा त्यापुढे टिकाव लागत नाही.

मालिकेतल्या बाकीच्या गोष्टींचेही असेच झाले. पहिला भाग दाखवून आठवडा होतो न होतो, तोच 3 सप्टेंबर 2003 रोजी कॅलिफोर्नियातल्या बाल्को प्रयोगशाळेवर छापा पडला. चाचणीत न सापडणारे टीएचजी हे स्टेरॉइड उघड झाले आणि रेडर्सच्या काही खेळाडूंची नावे त्यात आली. 2005 मध्ये मिनियापोलिसच्या विमानतळावर मिनेसोटा व्हायकिंग्जचा रनिंग बॅक ऑन्टेरियो स्मिथ याच्या सामानात एक संच सापडला: वाळवलेल्या लघवीच्या कुप्या आणि चाचणीच्या वेळी खऱ्यासारखी दिसणारी कृत्रिम जननेंद्रियाची नळी. दीड वर्षापूर्वी मालिकेत अशाच खटाटोपाला अतिरंजित म्हटले गेले होते. पुढे स्मिथवर एक वर्षाची बंदी आली. वेदनाशामकांचे म्हणाल, तर ब्रेट फाव्हर या नामवंत क्वार्टरबॅकने व्हायकोडिनच्या व्यसनाची कबुली 1996 मध्येच दिली होती. लुळ्या पडलेल्या खेळाडूची कथाही हवेतून आलेली नव्हती. 1978 मध्ये ओकलंडच्या एका सरावसामन्यात जॅक टेटमच्या धडकेने डॅरिल स्टिंगली आयुष्यभरासाठी चाकाच्या खुर्चीत गेले. बायकोला मारणारा खेळाडू अतिरंजित वाटला असेल, तर 2014 मध्ये रे राईसची चित्रफीत सगळ्या देशाने पाहिली. त्यात तो लिफ्टमध्ये होणाऱ्या बायकोला ठोसा मारताना दिसतो. चित्रफीत बाहेर येईपर्यंत लीगने त्याला फक्त दोन सामन्यांची शिक्षा दिली होती. आणि थॅड ग्वेरविट्झ? उघडपणे समलिंगी असलेला खेळाडू एनएफएलच्या नियमित हंगामात खेळायला 2021 साल उजाडावे लागले. त्याचे नाव कार्ल नसीब.

म्हणून ‘चित्रण अतिरंजित होते’ या तक्रारीची आज फेरतपासणी केली तर निकाल मालिकेच्या बाजूने लागतो. प्रसंग दाटीवाटीने मांडले होते, पण एकही हवेतला नव्हता.

मग मालिका बंद का पडली? याचे उत्तर हिशेबात आहे. 1998 मध्ये एनएफएलने चार वाहिन्यांशी आठ वर्षांचे करार केले, एकूण सुमारे 17.6 अब्ज डॉलरचे. त्यात ईएसपीएनचा वाटा वर्षाला सुमारे 60 कोटी डॉलर होता, आणि डिस्नेच्याच एबीसीकडे सोमवारचा रात्रीचा सामना होता. हे करार संपत आले होते. केबल चालकांकडून ईएसपीएन जो दर वसूल करत होती, तो एनएफएलच्या सामन्यांच्या जोरावर. अशा वेळी चांगले आकडे मिळवणारी मालिकाही हिशेबात नगण्य ठरते. मालिका बंद झाल्यावर चौदा महिन्यांनी, एप्रिल 2005 मध्ये, सोमवारचा सामना एबीसीवरून ईएसपीएनकडे आला: आठ वर्षे, दरवर्षी 1.1 अब्ज डॉलर. मालिका बंद केल्याचे हे बक्षीस होते असे मी म्हणत नाही. पण वाटाघाटींच्या टेबलाशी बसणाऱ्या कोणाच्याही मनात त्या आधीच्या दोन वर्षांत ही मालिका नसेल, असेही कोणी म्हणू शकत नाही. येथे कोणी बंदी घातली नाही, न्यायालयात दावा केला नाही, सेन्सॉरची कात्री चालली नाही. एक नाराजीचा निरोप पुरला.

ही रीत नवी नव्हती. 1970 मध्ये बेसबॉलपटू जिम बाउटन यांचे ‘बॉल फोर’ हे पुस्तक आले. त्यात गोळ्या खाऊन खेळणारे, दारू पिऊन उतरणारे नायक होते. बेसबॉलचे कमिशनर बोवी कून यांनी त्यांना बोलावून घेतले आणि पुस्तक खोटे असल्याच्या निवेदनावर सही मागितली. बाउटन यांनी ती दिली नाही. माजी खेळाडू पीटर जेंट यांच्या कादंबरीवरचा ‘नॉर्थ डॅलस फॉर्टी’ 1979 मध्ये आला, तेव्हा लीगने हात झटकले. ऑलिव्हर स्टोन यांच्या ‘एनी गिव्हन संडे’ला 1999 मध्ये संघांची नावे मिळाली नाहीत, म्हणून त्यांनी मायामी शार्क्स वगैरे काल्पनिक संघ उभे केले. पण हे चित्रपट प्रदर्शित झाले, चालले आणि आजही पाहायला मिळतात. स्टुडिओला लीगकडून सामने विकत घ्यायचे नव्हते, एवढाच काय तो फरक. ‘प्लेमेकर्स’च्या लेखकांपैकी पीटर ईगन यांना अशीच मोकळी जागा व्हिडिओ गेममध्ये सापडली. एनएफएलचा परवाना गमावलेल्या मिडवे कंपनीने 2005 मध्ये ‘ब्लिट्झ: द लीग’ काढला. त्याची कथा ईगन यांची, आणि सूर मालिकेचाच.

सर्वांत बोलके प्रकरण मालिकेनंतर दहा वर्षांनी घडले. मार्क फैनारू-वाडा आणि स्टीव्ह फैनारू हे भाऊ ईएसपीएनचे पत्रकार. लीगने मेंदूच्या इजांचे सत्य कसे दडपले यावर ते पुस्तक लिहीत होते, आणि सार्वजनिक वाहिनी पीबीएसच्या ‘फ्रंटलाइन’सोबत ईएसपीएन त्यावर माहितीपट करत होती. ऑगस्ट 2013 मध्ये ईएसपीएनने अचानक आपले नाव आणि बोधचिन्ह काढून घेतले. लीगच्या दबावामुळे हे झाल्याच्या बातम्या आल्या, दोन्ही बाजूंनी इन्कार केला. त्याच महिन्यात लीगने हजारो माजी खेळाडूंच्या दाव्यात 76.5 कोटी डॉलरची तडजोड मान्य केली. ‘लीग ऑफ डिनायल’ ऑक्टोबरमध्ये पीबीएसवर दाखवला गेला. त्यात पत्रकार ईएसपीएनचेच होते, त्यांचे काम तेच होते, वाहिनीचे नाव तेवढे नव्हते. दोन वर्षांनी ओमालूंवरचा ‘कन्कशन’ चित्रपट आला, तेव्हा सोनीच्या फुटलेल्या ई-मेलमध्ये लीगला चिडवू नये म्हणून काही भाग मवाळ करण्याची चर्चा दिसली. दिग्दर्शक पीटर लँडस्मन यांनी कथा बोथट केल्याचे नाकारले.

या सगळ्याला एक उलटे उदाहरण आहे, आणि ते टाळून हा आढावा प्रामाणिक होणार नाही. 2022 मध्ये एचबीओने ‘विनिंग टाइम’ आणली, 1980 च्या दशकातल्या लॉस एंजलिस लेकर्स या बास्केटबॉल संघावर. येथे काल्पनिक कोणी नव्हते. मॅजिक जॉन्सन, करीम अब्दुल-जब्बार, जेरी वेस्ट ही खरी माणसे, खऱ्या नावांनी होती. लेकर्सना विचारलेले नव्हते. वेस्ट यांना संतापी, वस्तू फेकणारा, दारूच्या आहारी गेलेला माणूस म्हणून दाखवले होते. त्यांच्या वकिलांनी माफी आणि खुलासा मागितला. अब्दुल-जब्बार यांनी सविस्तर लेख लिहून मालिकेचे वाभाडे काढले. एचबीओ मागे हटली नाही, आणि मालिका दोन हंगामांनंतर 2023 मध्ये थांबली. विशेष म्हणजे एचबीओच्याच कंपनीच्या टीएनटी वाहिनीवर तेव्हा एनबीए या बास्केटबॉल लीगचे सामने दिसत होते. म्हणजे हक्क हातात असले की तोंड शिवलेच जाते, असा नियम नाही. ते त्या त्या लीगच्या स्वभावावरही अवलंबून असते.

पण न्यायाचा विचार केला तर मला येथे वेस्ट यांची बाजू पटते. त्यांनी आपल्या नैराश्याबद्दल स्वतःच्या आत्मचरित्रात उघडपणे लिहिले होते. त्या माणसाच्या तोंडी आणि हाती हवे ते प्रसंग घालायचे, नाव खरे ठेवायचे, आणि आक्षेप आला की हे नाट्यरूपांतर आहे असे म्हणायचे, हे बरोबर नाही. ‘प्लेमेकर्स’ने एकाही जिवंत माणसाचे नाव घेतले नव्हते. ती बोट दाखवत होती व्यवस्थेकडे. गंमत अशी, की व्यक्तीची बदनामी करणारी मालिका टिकली आणि व्यवस्थेवर बोलणारी गेली.

भारतात यायचे तर गोष्ट क्रिकेटची होणार. मे 2013 मध्ये आयपीएलमधल्या स्पॉट-फिक्सिंगच्या आरोपावरून राजस्थान रॉयल्सचे श्रीशांत, अजित चंडीला आणि मुंबईचा डावखुरा फिरकी गोलंदाज अंकित चव्हाण यांना अटक झाली. दिल्लीच्या न्यायालयाने 2015 मध्ये तिघांना आरोपमुक्त केले, क्रिकेट मंडळाची बंदी मात्र नंतरही राहिली. त्याच वर्षी न्यायमूर्ती लोढा समितीने चेन्नई आणि राजस्थान हे दोन्ही संघ दोन वर्षांसाठी निलंबित केले. एवढे सगळे घडल्यावर त्यावरची नाट्यमालिका आली ती 2017 मध्ये, अ‍ॅमेझॉनवर: करण अंशुमन यांची ‘इनसाइड एज’. मुंबई मॅव्हरिक्स हा संघ, पॉवरप्ले लीग ही स्पर्धा, सट्टा, कोकेन आणि मालकीचे व्यवहार. मला त्यात सर्वांत धाडसी वाटला तो प्रशांत कनौजिया हा तरुण गोलंदाज. त्याच्याच संघातला देवेंदर मिश्रा त्याला जातीवरून घालूनपाडून बोलतो. ड्रेसिंग रूममधल्या जातीचा विषय आपल्या समालोचनात कधी निघत नाही. ‘इनसाइड एज’ला आंतरराष्ट्रीय एमी पुरस्काराचे नामांकन मिळाले आणि तिचे तीन हंगाम झाले. आयपीएलच्या प्रक्षेपण हक्कांशी अ‍ॅमेझॉनचा संबंध नव्हता, हे येथे लक्षात घ्यावे.

ज्यांच्याकडे हक्क होते त्यांनी काय केले? 2019 मध्ये हॉटस्टारवर ‘रोर ऑफ द लायन’ हा माहितीपट आला, चेन्नईच्या बंदीनंतरच्या पुनरागमनाचा. त्यात स्वतः महेंद्रसिंह धोनी बोलतो, आणि निर्मितीत त्याच्याच कंपनीचा सहभाग होता. धोनीचा घुसमटलेला आवाज खरा वाटतो, पण प्रश्न विचारणारे त्यात कोणी नाही. समालोचनाच्या खोलीतही हीच शिस्त. संघनिवड, डीआरएस आणि मंडळाचा कारभार यांवर बोलायचे नाही ही अट ऐकून इयान चॅपेल यांनी 2013 च्या मालिकेसाठी भारतात यायला नकार दिला. 2016 च्या आयपीएलच्या तोंडावर हर्षा भोगले यांना वगळले गेले, त्याचे कारण मात्र त्यांना कोणी सांगितले नाही. 2020 मध्ये संजय मांजरेकर यांचे नाव मंडळाच्या समालोचकांच्या यादीतून गेले. 2023 ते 2027 या पाच हंगामांचे हक्क 48,390 कोटी रुपयांना विकले गेले, तेव्हा ते घेणारे प्रामुख्याने होते डिस्ने स्टार आणि व्हायकॉम 18. 2024 च्या शेवटी या दोघांचे जिओस्टार या नावाने एकत्रीकरण झाले. एवढी रक्कम मोजून घेतलेल्या मालाबद्दल विकत घेणारा वाईट बोलेल, ही अपेक्षा प्रेक्षकाने सोडून दिलेली बरी. त्याने ती मागणी दुसरीकडे, वर्तमानपत्रांकडे आणि हक्क नसलेल्या वाहिन्यांकडे, लावून धरली पाहिजे.

दुसरीकडची ही दारे मात्र अमेरिकेत झपाट्याने कमी होत आहेत. गुरुवारचे एनएफएल सामने 2022 पासून अ‍ॅमेझॉनकडे आहेत. नाताळचे सामने 2024 पासून नेटफ्लिक्सवर दिसतात, आणि क्वार्टरबॅकवरची नेटफ्लिक्सची मालिका लीगच्याच एनएफएल फिल्म्ससोबत बनली. एचबीओवरची ‘हार्ड नॉक्स’ही त्यांच्याच भागीदारीत चालते. ऑगस्ट 2025 मध्ये तर करार जाहीर झाला, की एनएफएल आपली वाहिनी आणि इतर माध्यम-मालमत्ता ईएसपीएनला देईल आणि बदल्यात ईएसपीएनची दहा टक्के मालकी घेईल. 2004 मध्ये भागीदार म्हणून जिची मर्जी राखली गेली, ती लीग या कराराने घरातली ठरली. ज्या पीबीएसने ‘लीग ऑफ डिनायल’ दाखवला, तिच्यासारख्या सार्वजनिक वाहिन्यांसाठीचा 1.1 अब्ज डॉलरचा संघराज्याचा निधी अमेरिकी काँग्रेसने या कराराच्या काहीच आठवडे आधी काढून घेतला होता.